हिचा आवाज कुठला?

लेखाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. प्रश्न माझा नाही, माझ्या आईचा आहे.

आई मिरजेची. गेल्या वर्षी ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सेंगकांगला आली होती. ड्रायव्हर नसलेल्या एलआरटीत बसायचं, खालच्या कोपिटियाममध्ये जाऊन चहा सांगायचा, बाराव्या मजल्यावरून बांबूवर कपडे वाळत घालायचे, हे सगळं तिला पंधरा दिवसांत जमलं. मग एका शनिवारी आम्ही तिला नातीच्या शाळेत घेऊन गेलो. शाळेच्या क्वायरचा कार्यक्रम होता. चाळीसएक मुलं-मुली तीन रांगांत उभी. एकसारखा गणवेश, समोर हात हलवणाऱ्या बाई, बाजूला पियानो.

आई स्वतः गांधर्व महाविद्यालयाची 'मध्यमा' झालेली. त्यामुळे पहिल्या मिनिटातच तिची बोटं मांडीवर सूर शोधू लागली. पहिलं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "छान गातायत रे. पण यात हिचा आवाज कुठला?"

मी म्हणालो, "अगं, तो वेगळा ऐकू येऊ नये म्हणून तर ती वर्षभर सराव करतात."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मग शिकायचं कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कॉम्प्युटर इंजिनियर. गाण्यातलं कळतं ते ऐकून ऐकून. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून सवयीप्रमाणे मागे मागे जात मूळ शोधायला लागलो. त्यात सिंगापूर आलं, मुंबई आली, अंतराळात गेलेली एक तबकडी आली, आणि शेवटी फिरून मिरजच आली!

सुरुवात सिंगापूरपासूनच करू. २०२२ साली 'बीबीसी म्युझिक मॅगझिन'ने जगातल्या २१ सर्वोत्तम ऑर्केस्ट्रांची यादी छापली. बर्लिन, व्हिएन्ना, लंडन अशी अपेक्षित नावं होतीच, पण त्यांच्या पंगतीत 'सिंगापूर सिम्फनी ऑर्केस्ट्रा'चंही पान मांडलं होतं. आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, 'ग्रामोफोन' या ब्रिटिश मासिकाच्या 'ऑर्केस्ट्रा ऑफ द इयर' स्पर्धेत याच वाद्यवृंदाचा तिसरा क्रमांक आला होता. पाश्चात्त्य अभिजात संगीतात या दोन मासिकांच्या शब्दाला वजन आहे. जिथे बाख-बीथोव्हेनची परंपरा दोन-अडीचशे वर्षांची, तिथल्या जाणकारांनी एका लहानशा बेटावरच्या वादकांची पाठ थोपटली.

आता जरा मागे जाऊ. १९७० च्या दशकात सिंगापूरकडे बंदर होतं, कारखाने होते, स्वतःची विमानं होती, पण सिम्फनी ऑर्केस्ट्रा नव्हता. या देशाची आर्थिक घडी बसवणारे मंत्री गोह केंग स्वी यांना ही गोष्ट लाजिरवाणी वाटत असे. त्यांनी ती मनावर घेतली, आणि २४ जानेवारी १९७९ रोजी सिंगापूर कॉन्फरन्स हॉलमध्ये चू होए यांच्या संचालनाखाली पहिली मैफल झाली. तेव्हा वादक होते चाळीसएक, आणि त्यांतले बरेच बाहेरून आणलेले. आता संख्या नव्वदच्या पुढे आहे. १९९७ ते २०१९ अशी तब्बल बावीस वर्षं लान श्वे हे संगीत संचालक होते. त्यांच्या काळात ध्वनिमुद्रिका निघाल्या. चेरेप्निन नावाच्या, फारसा न वाजवल्या जाणाऱ्या रशियन संगीतकाराच्या सगळ्या सिम्फनी या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केल्या, आणि परदेशी समीक्षकांचे कान टवकारले. ऑक्टोबर २००२ मध्ये एस्प्लनेड उघडलं. आपण ज्याला प्रेमाने 'ड्युरियन' म्हणतो, त्याच्या पोटात सोळाशे श्रोत्यांचं सभागृह आहे. २ सप्टेंबर २०१४ रोजी लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्सच्या व्यासपीठावर हा वाद्यवृंद पहिल्यांदा वाजला. २०२० साली हान्स ग्राफ संचालक म्हणून आले. आणि मग वर सांगितलेली शाबासकी.

म्हणजे पहिल्या मैफलीपासून त्या यादीपर्यंत त्रेचाळीस वर्षं लागली. सिंगापुरात सगळं झटपट होतं असा आपला समज असतो. पुढच्या स्टेशनाचं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे कळत नाही! पण गाण्याला इथेही घाई चालली नाही.

या सगळ्यात मला जास्त भावली ती मागच्या रांगांची गोष्ट. ऑर्केस्ट्रा सुरू झाल्यावर वर्षभरात, १९८० साली, त्याला जोडून 'सिंगापूर सिम्फनी कोरस' उभा राहिला. बीथोव्हेनची नववी सिम्फनी वाजवायची तर शेवटी गाणारा मोठा वृंद लागतोच. वादक पगारी, पण हे गाणारे हौशी. शिक्षक, डॉक्टर, कारकून, विद्यार्थी, आणि हो, आमच्यासारखे दिवसभर स्क्रीनपुढे बसणारेसुद्धा. दिवसाचं काम आटोपून तालमीला यायचं आणि तास-दोन तास एकाच ओळीवर घासायचं. पुढे २००६ मध्ये लहान मुलांचा आणि २०१६ मध्ये तरुणांचा वृंदही जोडला गेला.

एवढे गाणारे लोक येतात कुठून? शाळेतून. 'सिंगापूर यूथ फेस्टिव्हल' १९६७ साली सुरू झाला. देश स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. चिनी, मलय, तमिळ घरांतली मुलं एका रांगेत उभी करायची होती. एकत्र गायचं तर शेजारच्याचं ऐकावं लागतं, हे त्या मागचं साधं गणित असावं. आजही शाळांची क्वायर दोन वर्षांतून एकदा परीक्षकांपुढे उभी राहते. एक गाणं सगळ्यांना सारखं नेमून दिलेलं, बाकीची निवड शाळेची. पूर्वी सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी पदकं मिळत आणि त्यावरून शाळाशाळांत जीव खाऊन चुरस चाले. २०१३ पासून ती पद्धत बदलून श्रेणीची प्रमाणपत्रं आली. पालकांची चुरस कमी झाली की नाही, ते आपण सगळे जाणतोच!

थोडक्यात, ब्रिटिश मासिकाने कौतुक केलं ते व्यासपीठावरच्या शंभरेक जणांचं, पण त्याखालचा पाया शाळांच्या सभागृहांत घातलेला होता. नाव झालेले एकटे कलाकारही इथे आहेत. २००७ साली जन्मलेली व्हायोलिनवादक क्लोई चुआ हिने २०१८ मध्ये येहुदी मेन्युहिन स्पर्धेच्या कनिष्ठ गटात पहिला क्रमांक विभागून मिळवला, तेव्हा अख्ख्या देशाला आनंद झाला. पण एकट्याच्या यशाचं कौतुक आपल्याला नवीन नाही. आईचा प्रश्न वेगळा होता.

तिला तो का पडला, हेही पाहायला हवं. आपल्या मैफलीत दाद ही समोरासमोरची गोष्ट. गायकाने समेवर अचूक हात टाकला की पुढच्या रांगेतून 'वाहवा' जाते, आणि तो त्या माणसाकडे बघून पुढची जागा घेतो. ती दाद त्या एका गळ्याला असते. मराठीत संगीतसमीक्षाही झाली ती त्या गळ्यांचीच. १९३० च्या दशकात केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने लिहीत. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'आजचे प्रसिद्ध गायक'. पुढे वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी' लिहिलं. घराणं म्हणजे समूहच म्हणायचा, पण ते ओळखलं जातं त्यातल्या थोर गळ्यांवरून.

या एका गळ्याच्या कौतुकाची कमाल बघायची असेल तर केसरबाई केरकरांची गोष्ट घ्या. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेली ही बाई, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या. कलकत्त्यात त्यांना 'सूरश्री' ही पदवी मिळाली. १९७७ मध्ये 'नासा'ने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. पृथ्वीवरच्या कुठल्याही माणसाला मिळू शकेल अशी यापेक्षा लांबची दाद नाही.

पण त्याच तबकडीवर जॉर्जियातलं 'चाक्रुलो' हे पुरुषांचं समूहगानही आहे. तीन वेगवेगळ्या सुरावटी एकाच वेळी चालतात. त्यातला कुठला आवाज कोणाचा, हे तुम्हा-आम्हाला सांगता येणार नाही. तबकडी निवडणाऱ्यांना दोन्ही माणसाचीच गाणी वाटली. एक नावासकट, एक नावाशिवाय.

आता मिरजेला येऊ. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. (दिवाळी अंकात हे वाक्य लिहिताना हात जरा थबकतो. मुलांनो, सांभाळून!) लेखन-वाचनाचा मार्ग अडला, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे ते हे बाळकृष्णबुवा. त्या काळी गवयाला राजाश्रय असे, पण प्रतिष्ठा नसे. विष्णु दिगंबरांना ते सलत होतं. १८९६ मध्ये ते मिरज सोडून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. ते राजाच्या खजिन्यावर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालायचं. फी, वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, स्वतःची स्वरलिपी! गुरूच्या घरी पाणी भरत वर्षानुवर्षं थांबण्याऐवजी कोणाही सभ्य घरातल्या मुलामुलीने वर्गात बसून गाणं शिकावं, ही त्यांची जिद्द. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत शाळा आणली. पुढे कर्जापायी तिथली इमारत लिलावात गेली. १९३१ साली मिरजेतच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज आपल्यातली कितीतरी मुलं ज्या 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' परीक्षा देतात, त्या त्यांच्याच.

त्यांच्या शिष्यांची नावं आईला तोंडपाठ आहेत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. सगळे मोठे. पण एक नाव मी घेतलं तेव्हा तिलाही क्षणभर आठवावं लागलं. पंडित नारायण मोरेश्वर खरे.

विष्णु दिगंबरांनी आपल्या या शिष्याला गांधीजींच्या साबरमती आश्रमात पाठवलं. तिथे पंडित खरे यांनी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला संगीत दिलं, 'आश्रम भजनावली' तयार केली. १९३० साली दांडीला निघालेल्या तुकडीत ते होते. विष्णु दिगंबरांनी लोकप्रिय केलेली रामधून वाटेवर गायली जाई. ज्यांना गाणं येत नाही अशा हजारो माणसांना एका सुरात गायला लावणं हे पंडित खरे यांचं काम. त्यात ते स्वतः किती चांगले गात होते, हे फारसं कोणी विचारलं नाही. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं काम 'बॅकएंड'चं. चालू असतं तोवर कोणाला दिसत नाही!

म्हणजे मिरजेच्या एकाच मुळातून दोन फांद्या निघाल्या. एक मैफलीची, एक सगळ्यांनी मिळून गाण्याची. पहिलीचं कौतुक झालं, दुसरी आपण गृहीत धरली.

दुसऱ्या फांदीचं कौतुक अगदीच झालं नाही असं मात्र नाही. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५० च्या दशकात एक वृंद उभा केला. पाश्चात्त्य पद्धतीचं चार पट्ट्यांतलं गाणं, सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास, पण गाणारे मुंबईकर. परंज्योतींनंतर हा वृंद कूमी नरिमन वाडिया यांनी सांभाळला. समूहगानाचं संचालन करणाऱ्या भारतातल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. नाना भाषांतली गाणी त्यांनी या मंडळींकडून बसवून घेतली, परदेशांत गायली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. ज्या बाईने आयुष्यभर श्रोत्यांकडे पाठ करून दुसऱ्यांना गायला लावलं, तिच्यापर्यंत शाबासकी पोचायला इतकी वर्षं लागली!

मुंबईतच २००६ साली एनसीपीएमध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला. खुशरू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो उभारला. सुरुवातीला त्यात परदेशी वादकच फार, म्हणून टीका झाली. टीका रास्त होती, पण सिंगापूरनेही सुरुवात तशीच केली होती. फरक पडतो तो पुढे आपली मुलं घडवण्यात. एनसीपीएनेही मुलांसाठी संगीतशाळा काढली. २०१९ साली हा वाद्यवृंद ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. बरोबर झाकीर हुसेन होते, तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी त्यांनीच रचलेली 'पेशकार' घेऊन. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. एकट्याच्या दहा बोटांवर सभागृह डोलवणाऱ्या माणसाला शंभर जणांच्या मध्ये बसून आपली वेळ येईपर्यंत थांबावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

आणि इथे सिंगापुरातही पीपल्स असोसिएशनचा 'इंडियन ऑर्केस्ट्रा अँड क्वायर' १९८५ पासून आहे. वीणा, बासरी, मृदंग, आणि समोर संचालक. रागसंगीत असं रांगांत बसवता येतं का, यावर आपल्याकडचे जुने लोक नाकं मुरडतील. पण ज्याला मैफलीचा एकटा गायक व्हायचं नाही, अशा मुलालाही भारतीय संगीतात बसायला एक खुर्ची मिळाली, हे खरं आहे.

एवढं सगळं मी आईला एका रविवारी सांगितलं. बाहेर पाऊस, आत आलं घातलेला चहा. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "एवढ्या लांब कशाला गेलास? आपला तुकाराम विसरलास का?"

खरंच विसरलो होतो. तुकोबांनी स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगणारा एक अभंग लिहिला आहे. त्यात ते सांगतात की सुरुवातीला ते कीर्तनात गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरत असत. म्हणजे मराठीतला सगळ्यात मोठा कवी आधी मागच्या रांगेत होता! पुढे ते स्वतः कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागे चौदा टाळकरी होते असं परंपरा सांगते. त्यांत संताजी जगनाडे होते, गंगाधरपंत मवाळ होते. त्यांनी अभंग लिहून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले. वारकऱ्यांनी त्या टाळकऱ्यांची नावं पावणेचारशे वर्षं जपून ठेवली आहेत. तेव्हा आपल्याकडे मागच्या रांगेला मान नव्हता असं मला आता म्हणवत नाही. देवळात होता, मैफलीत आणायचा राहिला.

ब्रिटिश मासिकातली यादी उद्या बदलेल, सिंगापूर तीत असेल किंवा नसेल. पण सेंगकांगच्या शाळेत दर आठवड्याला चाळीस मुलं एकमेकांचं ऐकत उभी राहतात, तोवर इथल्या गाण्याची मला काळजी वाटत नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळे आपापल्या पट्टीत ओरडतो, त्याची मात्र वाटते!

परत जायच्या आदल्या रात्री आई नातीला घेऊन बसली होती. तिने विचारलं, "काय गं, ती एक ओळ केवढी लांब होती. मधे कोणीच थांबलं नाही. तुम्ही श्वास कधी घेता?"

"आजी, आम्ही सगळे एकदम नाही ब्रेथ घेत. माझ्या बाजूची घेते तेव्हा मी गात राहते. मग मी घेते, तेव्हा ती गाते. म्हणून कोणालाच कळत नाही."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या भजनी मंडळातही असंच असतं. फक्त आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं."

शाळेच्या त्या कार्यक्रमाची पत्रिका तिने बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवली. मागच्या पानावर बारीक अक्षरात चाळीस नावं आहेत, आल्टोच्या यादीत सातवं नाव आमच्या मुलीचं. मिरजेला पोचल्यावर फोन आला, तेव्हा कळलं की तिने मंडळातल्या बायकांना ती पत्रिका दाखवली, आणि नातीच्या नावावर बोट न ठेवता सगळी चाळीस नावं वाचून दाखवली.